पत्र्याखालचा माणूस नकाशात कोठे आहे?

मुळशी तालुक्यातील बंधुभगिनींनो, हिंजवडी, माण, मारुंजीकडे एकदा दृष्टी टाका. जेथे भातखाचरे होती तेथे काचेच्या कचेऱ्या व टोलेजंग इमारती उभ्या आहेत. त्या बांधणारा, झाडणारा आणि राखणारा माणूस मात्र भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत निजतो. 2015 साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. रस्ते किती रुंद, मेट्रो कोठून, याचा खल पुष्कळ झाला. या वाढत्या वस्तीने वैशाखात श्वास कोठे घ्यावा, हे तुम्ही तरी कधी विचारले काय?

‘ऊन सर्वांना सारखेच’ हे वाक्य गारव्यात बसलेल्यांचे आहे. घाम वाळला तरच शरीर निवते. हवा दमट आणि खोली कोंदट असली की घाम वाळत नाही व ताप अंगातच साचतो. दिवसा तापलेले काँक्रीट रात्री उष्णता ओकते, म्हणून शहरातील रात्र रानातल्यासारखी निवत नाही. वातानुकूलन यंत्र तर आतली उष्णता उचलून गल्लीत टाकते. एकाचा गारवा तो शेजाऱ्याचा ताप! 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर सरकारी समारंभासाठी जमलेल्या 14 जणांचा उष्माघाताने बळी गेला. सावली व्यासपीठावर होती, श्रोत्यांवर नव्हती.

या तालुक्याने शहरासाठी एकदा भूमी दिली आहे. 1921 साली सेनापती बापटांच्या काळात येथे सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. मुळशीचे पाणी घाट उतरून भिऱ्यास वीज निर्माण करते. आता शहर स्वतःच चालून आले आहे, आणि यावेळी जमीन नसलेल्यांचाही हिशेब झाला पाहिजे.

उपाय अवघड आहेत, ही सबब ऐकून घेऊ नका. कारखान्याच्या भिंती व छपरे उष्णता कमी राखतील अशी असावीत, हे 1948 च्या कारखाने कायद्यातच लिहिले होते. यंत्राजवळच्या माणसाला जे दिले, ते झोपलेल्या माणसाला का नाही? अहमदाबाद महापालिकेने 2013 साली उष्णतेची स्वतंत्र योजना आखली. छपराला पांढरा चुना फासणे तर कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे.

1 मे रोजी, ऐन उन्हाळ्यात, ग्रामसभा भरते. त्या दिवशी घरी राहू नका. भाडेकरूंच्या वस्तीत नळ, नाक्यावर सावली, दुपारी बांधकामास सुट्टी व पत्र्यांना चुना, एवढे ठराव मांडा आणि त्यांची सहीशिक्क्याची नक्कल मागून घ्या.