घरून काम कुणाला? सचिनच्या सहा मृत्यूंनी पुढे आणलेला प्रश्न

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेने देश पुन्हा एकदा घराकडे वळवला. ३ जानेवारी रोजी केंद्र सरकारने अवर सचिवाच्या खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांची कार्यालयीन उपस्थिती निम्म्यावर आणली आणि उरलेल्यांना घरून काम करण्याची मुभा दिली. दिव्यांग आणि गर्भवती कर्मचाऱ्यांना तर कार्यालयात येण्यापासून पूर्ण सूट मिळाली. पाठोपाठ महाराष्ट्राने खासगी कार्यालयांवर निम्म्या उपस्थितीची मर्यादा घातली. दिल्लीने ११ जानेवारीला अत्यावश्यक सेवा वगळून खासगी कार्यालयेच बंद केली. निर्णय योग्य होते, त्यांविषयी तक्रार नाही. मात्र त्याच आठवड्यात सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत जे घडले, ते या आदेशांच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

६ जानेवारीच्या पहाटे साडेचारच्या सुमारास सचिन येथे एका टँकरमधून घातक रसायन बेकायदा नाल्यात सोडले जात होते. त्यातून विषारी वायू पसरला आणि शेजारच्या कापड गिरणीतील कामगार गुदमरले. सहा जणांचा मृत्यू झाला, वीसहून अधिक जणांना रुग्णालयात हलवावे लागले. ही दुर्घटना साथीमुळे घडली नाही, ती गुन्हेगारी बेफिकिरीची फलश्रुती आहे. पण ज्या वेळी सारा देश ‘शक्यतो घरीच थांबा’ असे सांगत होता, त्या वेळी हे कामगार पहाटे साडेचारला नाल्याकाठच्या गिरणीत होते. कारण त्यांच्या कामाला दुसरी जागाच नव्हती.

सचिन हे नाव गोमंतकीय वाचकाला एका क्रिकेटपटूमुळे परिचित आहे. गावाचा इतिहास मात्र मराठ्यांच्या इतिहासात गुंतलेला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसदाराने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना सोडला आणि त्या बदल्यात १७९१ मध्ये सचिनचे छोटे संस्थान अस्तित्वात आले. आज तेथे रंगाई-छपाईच्या गिरण्या, यंत्रमाग आणि रसायनांचे कारखाने आहेत, सुरतचे विशेष आर्थिक क्षेत्रही तेथेच आहे. उधन्याहून निघणाऱ्या तापी मार्गाच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे पिढ्यान्‌पिढ्या या पट्ट्यात येत राहिली. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत खानदेशी मराठी घराघरांत ऐकू येते. त्यामुळे सुरतच्या कामगाराचा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही.

कामाचे चार प्रकार

एखादे काम घरून होऊ शकते का, याचे उत्तर कामाच्या स्वरूपात असते. पहिला प्रकार कागदाचा आणि संगणकाचा. हिशेबनीस, प्राध्यापक, विमा प्रतिनिधी, संगणक अभियंता यांचे काम माणसासोबत प्रवास करू शकते. प्रस्तुत लेखक उपसंपादक आहे. बातमी संपादित करायला इंटरनेट आणि वीज पुरते, म्हणून हा मजकूरही घरबसल्या लिहिता आला. दुसरा प्रकार यंत्राला बांधलेला. माग, रंगाईचा हौद, बॉयलर, औषधाच्या गोळ्या पाडणारे यंत्र घरी नेता येत नाही. तिसरा प्रकार माणसाला बांधलेला. परिचारिका, टॅक्सीचालक, हॉटेलातील वाढपी, सफाई कामगार यांच्या सेवेचा अर्थच समोरच्या माणसाजवळ असणे हा आहे.

चौथ्या प्रकाराकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सुरतच्या वस्त्यांमधील हजारो स्त्रिया घरबसल्या साड्यांना लेस लावतात, खडे आणि टिकल्या चिकटवतात, भरतकामाचे सुटलेले धागे कापतात. महासाथीच्या कितीतरी आधीपासून त्या ‘घरून काम’ करीत आहेत. नगावर मजुरी, दिव्याचे आणि विजेचे बिल स्वतःचे, ना रजा, ना विमा. बाजार बंद झाला की साड्यांचे गठ्ठे येणे बंद होते आणि त्याच दिवशी मजुरीही थांबते. अशा कामगारांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. म्हणजे घरून काम करणे हेच संरक्षण नव्हे. त्या कामामागे नोकरीची हमी असेल तरच ते संरक्षण ठरते.

या चार प्रकारांची विभागणी किती विषम आहे, हे २०२० मध्येच स्पष्ट झाले होते. शिकागो विद्यापीठातील जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नीमन यांनी अमेरिकेतील व्यवसायांची छाननी केली, तेव्हा सुमारे ३७ टक्के नोकऱ्या पूर्णतः घरून होऊ शकतात असे आढळले. देश जितका गरीब तितके हे प्रमाण कमी होते, असेही त्यांनी दाखवले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सहा कामगारांपैकी एकालाच घरून काम करणे शक्य आहे. प्रगत देशांत हे प्रमाण चारांत एक असे भरते.

घर आहे तरी कुठे?

काम घरून होऊ शकते का, हा प्रश्न विचारताना कामगाराला घर आहे हे आपण गृहीत धरतो. सुरतचे यंत्रमाग दिवसरात्र चालतात आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. ओडिशातून, विशेषतः गंजाम जिल्ह्यातून आलेले अनेक विणकर खाणावळीच्या खोल्यांत राहतात. दिवसपाळीचा कामगार उठतो त्या जागी रात्रपाळीचा येऊन झोपतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि दोन्ही पाळ्या एकाच खोलीत कोंडल्या गेल्या. अंतर राखण्याच्या नावाखाली घडले ते नेमके उलट. १० एप्रिल २०२० च्या रात्री सुरतच्या लसकाणा भागात कामगार रस्त्यावर उतरले, गाड्या पेटवल्या गेल्या. थकलेली मजुरी द्या आणि गावी जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

सुरतला हा अनुभव नवा नव्हता. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात प्लेग पसरल्याची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. त्याआधी मुंबईत १८९६ च्या प्लेगमध्ये गिरणी कामगार गावाकडे निघाले, तेव्हा त्यांना थोपवण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी देणे भाग पडले. महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची रीत त्या साथीने काही काळ मोडली. ज्याचे काम घरून होत नाही आणि ज्याला शहरात घरही नाही, तो साथीत गावाची वाट धरतो. याला घबराट म्हणून हिणवणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो त्याच्यापुरता सरळ हिशेब असतो.

सात दिवसांची मजुरी

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जानेवारी २०२२ च्या सूचनांनुसार सौम्य लक्षणे असलेल्या बाधिताने किमान सात दिवस घरी विलग राहायचे होते. कार्यालयीन कर्मचाऱ्यासाठी हे सात दिवस पगारी असतात, किंबहुना तो त्या काळात थोडेफार कामही करतो. रोजंदारीच्या कामगारासाठी सात दिवस म्हणजे महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा. अशा माणसाने ताप अंगावर काढून, चाचणी टाळून कामावर जावे, यात नवल ते काय? साथ रोखण्याच्या उपायांतील सर्वांत मोठे छिद्र नेमके येथे होते.

कायद्यात तरतूद नाही असे नव्हे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. पण त्यासाठी हजेरीपटावर नाव आणि किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदारामार्फत आलेला, नगावर राबणारा कामगार बहुधा येथेच गळतो. २९ मार्च २०२० रोजी गृह मंत्रालयाने टाळेबंदीत पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला, पण तो मे महिन्यातच मागे घेतला गेला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांना वाटाघाटी करण्यास सांगितले. ज्याचा ठेकेदार भ्रमणध्वनीच उचलत नाही, त्याने वाटाघाटी कुणाशी करायच्या?

गोव्यापुढचा प्रश्न

सचिन दूर आहे, असे समजून गोव्याने स्वस्थ बसू नये. आपली अर्थव्यवस्था प्रामुख्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कामांवर उभी आहे. वेर्णा आणि कुंडईच्या वसाहतींतील औषध कारखाने, मालीम आणि कुटबणच्या धक्क्यांवरील ट्रॉलर, मुरगाव बंदर, हॉटेले, कॅसिनो, टॅक्सी यांतले काहीही घरून चालत नाही. ट्रॉलरवरील खलाशी ओडिशा-झारखंडचे, तेथेही एकाच नौकेत अनेकांचा बिछाना. जून २०२० मध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर संसर्ग पसरला तो दाटीच्या वस्तीत. दुसरीकडे महानगरांतील सुस्थित नोकरदार लॅपटॉप घेऊन गोव्याच्या किनाऱ्यावर राहायला आले. त्यांचे घरून काम शक्य व्हावे म्हणून इथला स्वयंपाकी, झाडूवाली आणि पार्सल पोचवणारा मुलगा रोज घराबाहेर पडत राहिला.

पोर्तुगालने जानेवारी २०२२ पासून घरून काम करणाऱ्यांसाठी नवा कायदा अमलात आणला. कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याचे बंधन आणि घरून काम केल्याने वाढणारा खर्च मालकाने सोसण्याची तरतूद त्यात आहे. आपल्याकडेही पहिल्या प्रकारच्या कामगारांना अशा नियमांची गरज आहेच. पण उरलेल्या तीन प्रकारांसाठी गरज वेगळी आहे: बाधित झाल्यास सात दिवसांची मजुरी, ठेकेदाराच्या कामगाराचीही विमा नोंदणी, वसाहतीलगत राहण्याजोगी निवासस्थाने आणि रात्रपाळीत कामाच्या जागी श्वास घेण्याजोगी हवा.

१४ फेब्रुवारी २०२२ रोजी गोव्यात मतदान होते. सुरुवातीला १५ जानेवारीपर्यंत सभा-मिरवणुकांना बंदी होती, त्यामुळे राजकीय पक्षांचा प्रचारही एका अर्थी घरूनच चालला होता. उमेदवार पाच-पाच जणांच्या गटाने दारात येणार होते. त्यांना रस्ते आणि पाण्याबरोबर हेही विचारायला हवे होते: वेर्ण्याचा कंत्राटी कामगार उद्या तापाने फणफणला, तर त्याने कामावर जायचे की घरी राहायचे, आणि घरी राहिला तर त्या सात दिवसांची मजुरी कोण देणार?