समागमातली डोकेदुखी लपवू नका

काही दुखणी माणूस लाजेपोटी कुणाला सांगत नाही. समागमाच्या वेळी उठणारी डोकेदुखी त्यांतलीच. ती स्त्रियांनाही होते, पण पुरुषांत अधिक आढळते.

तिचे दोन प्रकार आहेत. एकात उत्तेजना वाढेल तसतसे डोके व मान जड होऊन ठणकू लागते. दुसऱ्यात ऐन सुखाच्या क्षणी डोक्यात घण घातल्यासारखी कळ येते. ती काही मिनिटांत ओसरते किंवा दिवसभर राहते. हलका ठणका ३ दिवसही टिकतो. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांनी वा महिन्यांनी आपोआप थांबतो. वीर्य गेल्याने मेंदू कमजोर झाला किंवा बाहेरची बाधा झाली, या समजुती खोट्या आहेत.

मात्र अशी अचानक, जोराची कळ पहिल्यांदाच आली, तर ती अंगावर काढू नये. मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगवटा फुटून रक्तस्राव झाला, तरी सुरुवात अशीच होते. दोन्हींतला फरक घरी बसून कळत नाही; त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. तो पहिल्या ६ तासांत केला तर सर्वांत खात्रीचा. म्हणून उजाडण्याची वाट न पाहता रात्रीच सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे. उलट्या, ताठलेली मान, झटके, हरपलेली शुद्ध, एका बाजूचा लुळेपणा किंवा एकाचे दोन दिसणे, यांपैकी काही असेल तर लगेच १०८ ला फोन करावा. रुग्णाला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नये. अॅस्पिरिन देऊ नये. तिने रक्तस्राव वाढू शकतो.

डॉक्टरांना खरे सांगा. 'पोते उचलताना दुखले' असे सांगून तपासणीची दिशा चुकवू नका. शक्तीची गोळी घेतली असेल तर तीही सांगा. तिनेही डोके दुखते.

तपासणीत दोष निघाला नाही, तर दुखणे पूर्ण थांबेपर्यंत संबंध टाळावा. पुढे घाई व अतिश्रम नकोत. दुखू लागताच थांबावे. रक्तदाब तपासून घ्यावा. त्रास वारंवार होत असेल तर आधी घ्यायचे किंवा रोजचे औषध मिळते. पण ते डॉक्टरांनीच ठरवावे. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना यांतली काही औषधे चालत नाहीत.

भगिनींनो, धनी डोके धरून बसले तर संकोच बाजूला ठेवा. अशा वेळी डॉक्टरांना खरी हकीकत सांगणारे घरात तुम्हीच असता.