एक्सेलमध्ये मटका

एक कबुली आधीच देऊन टाकतो. मटक्याचा आकडा काढायची एक्सेल शीट मी स्वतः बनवली आहे. त्यामुळे आज ज्यांना झोडपणार आहे त्यांत पहिला नंबर माझाच.

झालं असं, की डोंबिवलीला आमचा मामा राहतो. प्रायव्हेट कंपनीतून रिटायर झालेला. तो आकडा लावतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. रोजचे पन्नास रुपये. कोणी पान खातं, हा आकडा लावतो. त्याच्याकडे एक लाँगबुक होतं, त्यात कल्याणचे ओपन-क्लोज वर्षानुवर्षं निळ्या पेनने उतरवलेले, लाल जोड्या लाल पेनने. मागच्या वर्षी गणपतीत गेलो तेव्हा त्याने ते माझ्यापुढे ठेवलं. "इंजिनिअर ना तू? हे कॉम्प्युटरवर घे."

आता मला सांगा, कुठला सॉफ्टवेअरवाला नाही म्हणेल? डेटा समोर, वीकेंड मोकळा! दोन रात्री बसलो. कुठली जोडी किती वेळा आली ते काउंटइफने, शेवटची कधी आली ते मॅक्सइफ्सने. एकाचा कट सहा, दोनाचा सात, म्हणजे पाच मिळवा आणि मॉड दहा. लाल जोड्यांना कंडिशनल फॉरमॅटिंग. वर एक हिरवं बटण, दाबलं की मॅक्रो चालणार आणि 'आजच्या दहा जोड्या' बाहेर. मामाला ते बटण फार आवडलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोला.

त्यानंतर रोजच्या पन्नासाचे पाचशे झाले. दहा जोड्या, प्रत्येकी पन्नास. का? तर "आता अभ्यास करून लावतो." हे वाक्य मामीने मला फोनवर सांगितलं, आणि त्याच फोनवर हेही, की माझ्या मामेबहिणीच्या क्लासची फी तिने भिशीतून भरली.

आता गणित. मटक्याच्या एका डावात 0 ते 9 मधले तीन आकडे, त्यांची बेरीज, बेरजेचा शेवटचा अंक. 2, 5, 8 आले तर पंधरा, म्हणजे पंजा. हा ओपन. तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी, 00 पासून 99 पर्यंत शंभर. जोडी लागली तर साधारण नव्वदपट मिळतात. शंभरात एक शक्यता आणि नव्वदपट पैसे, म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांमागे दहा रुपये मालकाचे. हे समजायला मॅक्रो लागत नाही, चौथीतली शेकडेवारी पुरते.

आणि 'बरेच दिवस न आलेली जोडी'? माझ्या शीटचा तोच तर जीव होता. वर्षभरात साधारण तीनशे निकाल धरा. एखादी ठरावीक जोडी तीनशे वेळांत एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ पाच टक्के. म्हणजे शंभरातल्या पाचेक जोड्या वर्षभर तोंड दाखवत नाहीत, आणि त्यात काहीही विशेष नाही. लाल जोड्यांचंही तेच. डबल आणि कटवाल्या धरून त्या वीस होतात, म्हणजे सरासरी पाच दिवसांतून एक लाल येणारच. चार्टवर त्यांची 'लाइन' लागलेली दिसते, कारण आपणच त्यांना लाल रंगवलंय.

इटलीत हा प्रकार देशपातळीवर झाला. तिथल्या लोट्टोत व्हेनिसच्या सोडतीत 53 हा आकडा 2003 च्या मे महिन्यानंतर येईचना. लोक म्हणाले, आता यायलाच हवा. घरदार गहाण टाकून लावले, एकूण अब्जावधी युरो, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. शेवटी 9 फेब्रुवारी 2005 ला, 182 सोडती कोरड्या गेल्यावर, तो आला. त्या गोट्यांना आपण किती दिवस आलो नाही हे माहीत असतं का हो? ते फक्त चार्टवाल्यांना माहीत असतं.

"पण मटका कुठे खरा रँडम असतो? तो फिक्स असतो, म्हणूनच पॅटर्न सापडतो." हा आमच्या ऑफिसातल्या एका मित्राचा मुद्दा. हा म्हणे पायथनमध्ये न्यूरल नेटवर्क ट्रेन करतोय. बरं, फिक्स धरू. एके काळी आकडा निदान बाहेरून यायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यावर सट्टा चालायचा. 1961 साली ते थांबलं. 1962 साली कल्याणजी भगतने स्वतःचा मटका सुरू केला, 1964 साली रतन खत्रीने त्याचा. म्हणजे आकडा काढणारा आणि पैसे घेणारा एकच झाला. असा माणूस फिक्स करणार असेल तर आजच्या आकड्यावर किती लागलेत ते बघून करेल. तो डेटा त्याच्याकडे आहे. तुमच्याकडे काय आहे? गेल्या वर्षीच्या मंगळवारचा निकाल!

खरोखर आकडा ओळखणारा एक प्रोग्रॅमर होऊन गेलाय, आणि तो आपल्याच जातीचा म्हणून सांगतो. अमेरिकेत अनेक राज्यांची मिळून लॉटरी चालवणारी एक संस्था आहे. तिथे माहिती सुरक्षेचा प्रमुख होता एडी टिप्टन. त्याने सोडतीच्या सॉफ्टवेअरमध्येच असा कोड घुसवला, की वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना, ठरावीक वारी, ठरावीक वेळेनंतर सोडत झाली तर आकडे आधी कळावेत. 2010 च्या डिसेंबरात त्याने घेतलेल्या तिकिटाला 1 कोटी 65 लाख डॉलरचं बक्षीस लागलं. ते पैसे मिळालेच नाहीत, 2017 साली शिक्षा मात्र झाली, 25 वर्षांपर्यंतची. बाहेर बसून जुने निकाल चाळणाऱ्या कोणाला त्या तीन तारखा दिसल्या होत्या का? नाही.

म्हणजे सोडत सरळ असेल तर जुने निकाल निरुपयोगी, आणि वाकडी असेल तरी निरुपयोगी. न्यूरल नेटवर्कवाल्या मित्राने यावर "अरे, पण शिकायला मजा येते" असं उत्तर दिलं. शिका ना! सर्व्हरचे लॉग घ्या, लोकलची गर्दी घ्या. सोमवारी सकाळी लोड वाढतो कारण सोमवारी सकाळी माणसं ऑफिसात येतात, तिथे कारण आहे, तिथे कालच्या रोला आजच्या रोबद्दल काहीतरी म्हणायचंय. आकड्याला काहीच म्हणायचं नाही. आणि तुमची ती 'मजा' यूट्यूबवर टाकली, की खाली कोणाचा तरी मामा बघत असतो. त्याला लाँगबुकवर शंका यायची, म्हणून तो पन्नासच लावायचा. हिरव्या बटणावर त्याला शंका येत नाही.

मागच्या महिन्यात मी मामाकडे पुन्हा गेलो. रँडबिटवीन वापरून तीनशे खोट्या जोड्या काढल्या, चार्टसारख्या रंगवल्या आणि "हा दुसऱ्या बाजारचा आहे, बघ" म्हणून पुढे ठेवल्या. पंधरा मिनिटांत मामाने त्यात कटची लाइन शोधली, वर "शुक्रवारी सत्तावीस येणार बघ" हेही सांगितलं. मी खरं काय ते सांगितलं. तो हसला. "तुझा कॉम्प्युटरपण त्याच नियमाने चालतो म्हणजे."

यावर काय बोलणार? मग मी एवढंच केलं, जे पहिल्या रात्री करायला हवं होतं. त्याच्या शीटला तीन कॉलम जोडले: लावले, आले, बाकी. लाँगबुकात इतक्या वर्षांत हे कॉलम नव्हतेच. आकडे त्याच्याच तोंडून भरून घेतले. दोनशे दिवस, रोज पाचशे: एक लाख. जोडी लागली पंधरा वेळा, दर वेळी साडेचार हजार: साडेसदुसष्ट हजार. ते पंधरा दिवस त्याला तारखेसकट पाठ होते, कारण प्रत्येक वेळी घरी पेढे आले होते. बाकीच्या कॉलममध्ये उणे 32,500.

मामाने चष्मा पुसून ते दोनदा पाहिलं. मग विचारलं, "हा शेवटचा कॉलम लपवता येतो का रे?"

मी येत नाही म्हणालो. तो गप्प बसला. पण त्याच्या मुलीच्या कॉलेजात एक्सेल शिकवतात, त्यामुळे किती दिवस टिकेल सांगता येत नाही.