बदल कुणासाठी?

या शनिवारचा विषय जरा घरचा आहे, आणि घरचा आहे म्हणूनच अवघड.

आमच्या आयटीच्या धंद्यात बदलाचं कौतुक फार. केंट बेक यांचं 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग एक्सप्लेन्ड' हे पुस्तक १९९९ साली आलं, त्याचं उपशीर्षकच मुळी 'एम्ब्रेस चेंज'. बदलाला मिठी मारा! सोमवारी ठरलेलं क्लायंटने गुरुवारी फिरवलं तरी आम्ही तोंड वाकडं करत नाही (निदान त्याच्या समोर तरी नाही :-) ). पण तोच माणूस रविवारी चर्चच्या बाकावर बसला आणि पेटीशेजारी गिटार दिसली, की कपाळाला आठ्या!

मी शिरूरचा. आजोळ दौंडचं, रेल्वेतलं. त्यामुळे दोन्ही गावांतल्या उपासना लहानपणापासून पाहिल्यात आणि उपासनेनंतर बाहेर उभं राहून होणारे वादही ऐकलेत. सध्याचा वाद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक पक्ष म्हणतो, 'उपासना संगीत'मधली गाणी, पेटी-तबला आणि ठरलेला क्रम, यात काडीचाही फरक नको. दुसरा पक्ष म्हणतो, प्रोजेक्टर लावा, ड्रम आणा, हिंदी-इंग्रजी कोरस घ्या, नाहीतर पोरं येणार नाहीत. पहिल्यांना वाटतं दुसरे उथळ आहेत. दुसऱ्यांना वाटतं पहिले संपलेले आहेत. आणि पाळकसाहेब मधल्यामध्ये!

मला दोन्ही पक्षांचं पटत नाही. का, ते सांगतो.

आधी जुन्याचं बघू. आपण जिला परंपरा म्हणतो ती एकेकाळी चांगलीच धक्कादायक होती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) आले आणि पुढे शिरूरलाही त्यांचं ठाणं झालं. सुरुवातीच्या उपासनेतली बरीच गाणी म्हणजे इंग्रजी गीतांची भाषांतरं, चालीही तिकडच्याच. मग १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि या माणसाने ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं, चर्चमध्ये कीर्तन केलं. आज आपल्या आज्या डोळे मिटून जी गाणी म्हणतात, त्यांतली कितीतरी त्या बदलाची देणगी आहेत. १९७० मध्ये नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तोही बदलच. म्हणजे 'आमच्याकडे असंच चालत आलंय' या वाक्यातलं 'असंच' फार जुनं नसतं.

पण थांबा, याने दुसरा पक्ष जिंकला असं होत नाही. नवं आहे म्हणून चांगलं, हे कुठे सिद्ध झालं? यासाठी मला शिरूरहून न्हावरे-चौफुला रस्त्याने केडगावला जावं लागतं. दौंड तालुक्यातलं केडगाव, पुणे-दौंड लोहमार्गावरचं स्टेशन. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं.

रमाबाईंचं चरित्र शाळेत आपण चार ओळींत उरकतो. विधवा, विदुषी, समाजसुधारक, पुढचा धडा. पण बदलाकडे कसं बघावं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यापेक्षा मोठा बदल काय असणार? तरी आलेली प्रत्येक नवी गोष्ट त्यांनी निमूट घेतली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रॉसवर लॅटिन अक्षरं असावीत असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला आणि तिथल्या सिस्टरबाईंना तसं स्पष्ट लिहिलं. श्रद्धा बदलली, पण त्यासोबत येणारं सगळं सामान उचललंच पाहिजे असं त्यांनी मानलं नाही.

आता गंमत बघा. लॅटिनच्या समोर संस्कृत धरणाऱ्या याच बाईंनी पुढे संस्कृत बाजूला ठेवलं. दुष्काळात वाचलेल्या मुली, टाकून दिलेल्या बायका, विधवा अशा शेकडोजणी केडगावात होत्या. त्या काळचं मराठी बायबल रमाबाईंना फार संस्कृतप्रचुर वाटायचं, या बायकांच्या डोक्यावरून जाणारं. म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल नव्याने, साध्या मराठीत उतरवायला घेतलं. काही वर्षं हेच काम. आश्रमातल्याच बायका-मुली छापखाना चालवायच्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये.

ज्या बाईंना कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं, त्यांना जडजंबाल मराठी लिहिणं काय कठीण होतं? पण प्रश्न त्यांच्या विद्वत्तेचा नव्हताच. समोर बसलेल्या बाईला कळतंय का, एवढाच होता. आमच्या भाषेत सांगायचं तर युजर शेजारीच बसलेला होता आणि त्याला विचारूनच काम चाललं होतं.

मला वाटतं चर्चमधल्या कुठल्याही बदलाची कसोटी हीच आहे. बदल जुना की नवा, हे विचारूच नका. या बदलाने कोण आत येतंय आणि कोण बाहेर राहतंय, ते विचारा. ही कसोटी माझी नाही, पहिल्या मंडळीची आहे. प्रेषितांची कृत्ये, १५ वा अध्याय काढून बघा. यहूदी नसलेल्यांनी विश्वास धरला तर त्यांनी सुंता करायची की नाही, यावर यरुशलेमेत मोठा वाद झाला. निर्णय काय झाला, तर नव्याने येणाऱ्यांवर नको ते ओझं टाकायचं नाही. म्हणजे मंडळीची पहिली मोठी बैठकच बदलावर होती!

आता ही कसोटी आपल्याकडे लावून बघू. प्रोजेक्टर हवा का? मोठ्या अक्षरांत गाणं दिसलं आणि चष्म्याचा नंबर वाढलेल्या आजोबांना वाचता आलं, तर जरूर हवा. नुसती मागे फुलं आणि धबधबे हलवायला असेल तर नको. ड्रम हवा का? आजीचा आवाज त्यात बुडत असेल तर ती एका फटक्यात बाहेर गेली, बाकावर बसलेली असली तरीही. आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली पोरं? ती घरी मराठी बोलतात, पण उपासनेतली छापील मराठी वाचताना ठेचकाळतात. त्यांना इंग्रजी कोरस देऊन मोकळं होणं सोपं आहे. कठीण काम रमाबाईंचं आहे. तीच प्रार्थना त्यांना कळेल अशा मराठीत म्हणायची, टिळकांच्या शब्दांचा अर्थ सांगून ते गाणं गायचं.

आणि ज्यांना दोन्ही पक्ष मोजतच नाहीत, त्यांचं काय? रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत बाहेरच्या राज्यांतून कामाला आलेली माणसं. त्यांतली काही रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात, उपदेश संपला की निघून जातात. त्यांच्यासाठी महिन्यातून एक हिंदी उपासना ठेवायची सूचना एका ठिकाणच्या बैठकीत आली, तर तिच्यावर चर्चाही झाली नाही. पेटी की कीबोर्ड यावर मात्र दीड तास!

जुन्या लोकांनी पटकन बदलावं, असंही माझं म्हणणं नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या आपल्या आपण विचार करत होत्या. पण जेव्हा आल्या तेव्हा मनापासून आल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाला हे सांगायला नको. एका बैठकीत बहुमताने ठराव करून माणसं बदलत नाहीत. वेळ द्यावा लागतो, मात्र दार त्या वेळात उघडं ठेवावं लागतं.

आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, त्यासाठी नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. ज्या श्रद्धेची सुरुवातच मन पालटण्यापासून होते, तिच्या लोकांनी बदलाला घाबरावं हे मला कोडंच वाटतं.

असो. तुमच्या मंडळीत पुढच्या वेळी पेटी-गिटारचा वाद निघाला, तर एकदा मागे वळून शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते बघा. आणि त्यालाच विचारा.

पुढच्या शनिवारी भेटू.