बिडीचे व्यापारी, गोंदियाचे आमदार



निवडणूक जवळ आली की आमच्या गावफेरीत तुरीच्या फवारणीआधी दुसराच विषय निघतो. "साहेब, उभा राहिलेला माणूस व्यापारी आहे. तो आमचं काय भलं करणार?" सरकारी नोकराने पक्षाचे बोलू नये, हे तुम्हीही जाणता. पण जुने उदाहरण सांगायला हरकत नाही.

आपल्या चांदूरहून नागपूरकडे जाणारी रेल्वे पुढे गोंदियाला पोचते. तिथले मनोहरभाई पटेल हे बिडीचे व्यापारी. जन्म 1906 चा, गुजरातेतल्या नडियादचा. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. नडियादकडचा चरोतर भाग तंबाखूचा. गोंदिया-भंडाऱ्याकडे टेंभुर्णीचे जंगल आणि धान निघाल्यावर रिकामे होणारे हात. दोन्ही मुलखांना जोडायला रेल्वे. बिडीचा धंदा तिथे फोफावला तो यामुळे. टेंभुर्णी तुम्ही पोहऱ्याच्या जंगलात पाहिली असेलच; तिचे पान ऐन उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये तोडतात.

हेच मनोहरभाई पुढे काँग्रेसचे आमदार झाले. स्वतः चौथी शिकलेल्या या माणसाने 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था उभी केली. हायस्कूल खेड्यात आले, कॉलेज गोंदियात आले. तोवर धानकऱ्याच्या पोराला पुढे शिकायचे तर नागपूर गाठावे लागे, आणि मुलीला तर कोणी पाठवतच नसे. इटियाडोह धरणासाठी झटणाऱ्यांतही त्यांचे नाव घेतले जाते. 1970 साली ते वारले. 9 फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, गोंदियात गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देतात.

आता दुसरी बाजू. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी दराने. वळलेल्या मालातून खराब म्हणून काढलेली 'छाट' तिच्याच माथी. तिचे किमान वेतन ठरवायचे राज्य सरकारने. बिडी कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा संसदेने 1966 साली केला, तो राबवण्याचे कामही राज्याकडेच होते. तेंदूपानाचा व्यापार तर महाराष्ट्राने 1969 च्या कायद्याने आपल्या नियंत्रणात घेतला. म्हणजे विधानसभेत बिडीवाला बसला की त्याच्या पेढीचा आणि त्या बाईच्या चुलीचा प्रश्न एकाच सभागृहात येतो. हे कोण्या एका माणसावर बोट ठेवण्यासाठी म्हणत नाही. व्यापारी आमदाराची गोष्टच अशी दुपदरी असते, आणि शाळेची इमारत दिसते तशी छाट दिसत नाही.

तेव्हा उद्या तुमच्या मतदारसंघात जिनवाला, अडत्या किंवा बियाण्याचा व्यापारी उभा राहिला, तर नुसत्या व्यापारावरून त्याला नाकारू नका. प्रचाराला आला की ओसरीवर बसवा, चहा पाजा. मग विचारा : कापसाच्या वजनात घट किती धरता? चुकारा किती दिवसांत देता? बाजार समितीचा नियम तुमच्याच दुकानाला जड गेला, तर सभागृहात हात कोणत्या बाजूने वर कराल? घरातल्या बायकांनाही तिथे बसू द्या. वेचणीची मजुरी त्यांना तोंडपाठ असते.