नट किती आवळावा?

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं जळगावहून धुळ्याला निघालो होतो. हिच्या भावाच्या नातीचं लग्न, साडेबाराचा मुहूर्त. गाडी आपली जुनी मारुती 800. कंपनीने ही गाडी बनवणं 2014 मध्येच थांबवलं, पण आमची अजून चालते. एरंडोल मागे टाकलं, पारोळा यायचं होतं, आणि डावीकडचं मागचं चाक बसलं. पंक्चर!

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पाना होता. चाक मी आजवर अनेकदा बदललं आहे. चारच तर नट. पहिल्याला पाना लावला, जोर दिला. हलेना. दुसरा, तिसरा, चौथा... एकही हलेना! शेवटी पान्यावर उभा राहिलो. (असं करू नये, हे मलाही कळतं. पण डोक्यावर खानदेशचं ऊन आणि घड्याळात साडेअकरा.) पाना निसटला, मी पडलो, नडगी सोलली. ही बाभळीच्या विरळ सावलीत बसलेली. तिला साखरेचा त्रास, जेवणाची वेळ टळून चालत नाही. बाटलीतलं पाणीही चहासारखं तापलेलं. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदा आपल्या वयाची भीती वाटली.

मग केळीचा एक ट्रक थांबला. क्लीनर पोरगा उतरला, त्याने पाहिलं, आणि ट्रकमधून दोन हात लांबीचा लोखंडी पाईप आणला. पाईप आमच्या पान्याच्या दांड्यावर चढवला आणि टोकाला धरून हळूच वर ओढला. ‘कर्र’ असा आवाज होऊन नट सुटला! चारही सुटले. तो हसून म्हणाला, “बाबा, हाऊ नट कोन्ही आवळेल शे?”

मी म्हणालो, “टायरवाल्याने.”

हे अर्धंच खरं होतं. महिन्यापूर्वी चारही टायर नवे टाकले, तेव्हा दुकानातला मुलगा हवेच्या गनने नट आवळत होता. मी शेजारी उभा राहून म्हणालो होतो, “बाळा, चांगले घट्ट कर हो, म्हाताऱ्या माणसांची गाडी आहे.” त्याने माझ्या समाधानासाठी प्रत्येक नटावर गन पुन्हा एकदा ‘टर्रर्र’ फिरवली. मी खूश!

मी मराठीचा मास्तर. बलाचं गणित मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावलं. लहान गाडीच्या चाकाचा नट साधारण 80 ते 110 न्यूटन मीटर एवढ्या पिळानं आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. 100 धरला, तर एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 33 किलोचा भार, बस्स. गाडीबरोबरचा पाना त्याहून आखूड, वीतभर. त्यावर माझे 58 किलो उभे राहिले तरी 130-140 च्या आसपास पीळ बसतो. म्हणजे आमचे नट त्याच्याही पुढे आवळलेले होते. हवेची गन 400-500 चा पीळ सहज देते आणि चालवणाऱ्या हाताला त्याचा पत्ताही लागत नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. बोल्ट ही एक स्प्रिंग असते. आवळताना तो किंचित ताणला जातो, आणि तो ताणच चाक धरून ठेवतो. आपण लावलेल्या जोरापैकी जवळजवळ नव्वद टक्के घर्षणातच जातो, जेमतेम दहा टक्क्यांचा ताण होतो. पण प्रमाणाबाहेर आवळलं की बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात, आणि पकड वाढण्याऐवजी कमी होते. म्हणजे अति घट्ट हासुद्धा सैल होण्याचाच रस्ता!

गॅरेजवाल्या पोरांची बाजूही मला कळते. नट सैल राहून चाक निखळलं तर जीव जाईल आणि नाव त्याचं येईल. न सुटणाऱ्या नटाबद्दल मात्र त्याला कोणी विचारत नाही, कारण तो त्रास दुसऱ्याच्या वाट्याला, दुसऱ्याच दिवशी, भलत्याच ठिकाणी येतो. आणि ‘घट्ट कर’ म्हणणारे आपणच असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला गाडीतल्या साधनांनी जो नट उघडता येत नाही, तो बरोबर आवळलेलाच नाही.

अडलेला नट सोडवायचा तर चाक जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून आणि गाडी गिअरमध्ये टाकून सोडवावा. जॅकवर चढवून हिसके देऊ नयेत. पाना पूर्ण आत बसवावा, नाहीतर नटाचे कोपरे झिजतात. गंज असेल तर आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून थांबावं, हातोडीनं हलके ठोके द्यावेत, आधी केसभर आवळून मग सोडावा. तरीही हटला, तर जोर न वाढवता दांडा वाढवावा. परत बसवताना मात्र तेल पुसावं, कारण तेलकट आट्यांवर तेवढाच पीळ बोल्टला जास्त ताणतो. नट समोरासमोरचे आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

मुहूर्त आमचा चुकलाच. जेवणाच्या शेवटच्या पंगतीला पोचलो. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांच्या अंगणात बाकीचे बारा नट पाईप लावून सोडले. एकाचे आटे गेलेले निघाले. याच नटाच्या भरवशावर मी महिनाभर निर्धास्त होतो!

आता डिकीत पाईप असतो. टायरवाल्याला सांगतो, गनने नट नुसते टेकव, शेवटचं टॉर्क पान्याने आवळ. त्याच्याकडे नसेल तर घरी येऊन सगळे सोडून हाताने पुन्हा बसवतो. मग पाना हिच्या हातात देतो. तिने एक नट सोडून दाखवला की पास.

भाचे-पुतणे मंडळी, येत्या रविवारी अंगणातच आपल्या गाडीचा एक नट सोडून पाहा. आईला किंवा बायकोलाही सोडू द्या. अडलाच तर अंगणात अडू दे, पारोळ्याच्या रस्त्यावर नको.