परदेशातून औषध आणण्यापूर्वी: भंडारा जिल्ह्यातील नागरिकांना जाहीर आवाहन

परदेशातील दुकानांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध भारतात आणताना भारताचाच कायदा लागू होतो, आणि ज्या रुग्णाला ते घ्यायचे आहे त्याच्याच नावाने ते यावे अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे. ही गोष्ट जिल्ह्याच्या सातही तालुक्यांतील, विशेषतः ज्यांचे मुलगे-मुली, सुना-जावई शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी आहेत अशा प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचावी, यासाठी हे आवाहन करण्यात येत आहे. दिवाळीत किंवा लग्नसराईत घरी येणाऱ्यांच्या बॅगेत आई-वडिलांसाठी गुडघेदुखीच्या, पित्ताच्या किंवा सर्दीच्या गोळ्या असतात आणि त्यामागे मायाच असते; मात्र नियम ठाऊक नसल्यामुळे ते औषध सीमाशुल्क विभागाकडे, म्हणजे परदेशातून येणारा माल तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे, अडकू शकते किंवा घेणाऱ्याला अपायही करू शकते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम १० नुसार आवश्यक परवान्याशिवाय औषधांच्या आयातीस मनाई असली, तरी वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या अल्प प्रमाणातील औषधांना त्याच कलमात सवलत दिलेली असून तिच्या अटी १९४५ च्या औषध नियमांतील नियम ३६ मध्ये सांगितल्या आहेत. त्यानुसार औषध प्रवाशाच्या स्वतःच्या सामानाचा खराखुरा भाग असले पाहिजे, ते त्याच्या मालकीचे व केवळ त्याच्याच वापरासाठी असले पाहिजे, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी विचारल्यास ते जाहीर केले पाहिजे आणि कोणत्याही एका औषधाचे प्रमाण शंभर सरासरी मात्रांपेक्षा अधिक असता कामा नये. मात्रा म्हणजे एका वेळी घ्यावयाचे औषध; त्यामुळे येथे मोजमाप मात्रांचे होते, डब्यांचे नव्हे. अमेरिकेत आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या २०० मिलिग्रॅमच्या पाचशे गोळ्यांची बाटली मिळते, आणि एका वेळी दोन गोळ्या धरल्या तरी तिच्यात अडीचशे मात्रा भरतात. म्हणजे ती एकच बाटली मर्यादा ओलांडते.

या अटींतील ‘केवळ प्रवाशाच्याच वापरासाठी’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. मुलाकडे राहून परतणाऱ्या आईने स्वतःची औषधे मर्यादेत आणणे नियमात बसते. परंतु मुलाने आईसाठी, शेजाऱ्यांसाठी किंवा गावातील ओळखीच्यांसाठी आणलेल्या गोळ्या या सवलतीत बसत नाहीत. असे औषध, तसेच टपालाने किंवा कुरिअरने येणारे औषध कायदेशीरपणे मिळवण्याचा मार्ग वेगळा आहे. त्यासाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नमुना १२-ए मध्ये अर्ज करावा लागतो, औषधाचे प्रमाण वाजवी असावे लागते, त्याला नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आधार लागतो आणि या गोष्टी पटल्यावर नमुना १२-बी मध्ये परवाना मिळतो. औषध परदेशात चिठ्ठीशिवाय विकले जाते म्हणून या अर्जासोबतची चिठ्ठी टळत नाही. परवाना हाती येण्यापूर्वी पार्सल रवाना झाले, तर ते अडवले जाण्याची शक्यता राहतेच.

चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांची यादी देशोदेशी वेगळी असते. अमेरिकेत ग्राहक स्वतः उचलून घेतो ते आयबुप्रोफेन आणि पित्तावरचे ओमेप्राझोल भारतात अनुसूची ‘एच’ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या यादीत येतात. ब्रिटनमध्ये औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांत कोडीन असते आणि सर्दीच्या काही परदेशी गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. हे दोन्ही घटक भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या नियंत्रणाखाली आहेत, त्यामुळे असे घटक असलेले औषध चौकशीविना सामानात टाकू नये.

कायद्याइतकाच प्रश्न प्रकृतीचा आहे. अमेरिकी डबीवर ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ असे नाव असते, आणि ते भंडाऱ्याच्या कोणत्याही औषध दुकानात मिळणारे पॅरासिटामॉलच असते. हे लक्षात न आल्यास दोन्ही गोळ्या एकाच दिवशी घेतल्या जातात आणि मात्रा नकळत दुप्पट होऊन यकृताला इजा होऊ शकते. अमेरिकी वेष्टनांवर तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून ०५/०९ ही तेथे ५ सप्टेंबर नसून ९ मे असते, आणि मुदत संपलेली गोळी त्यामुळे चालू समजली जाऊ शकते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकत असल्याने आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामके अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे, मग ती कितीही नावाजलेल्या देशातून आलेली असोत.

म्हणून जिल्ह्यातील नागरिकांना विनंती आहे की, परदेशातील नातेवाइकांना औषध सांगण्यापूर्वी त्यातील मूळ घटकाचे नाव मागवून ते आपल्या डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला दाखवावे, कारण तोच घटक येथे, अनेकदा जनऔषधी केंद्रातही, कमी दरात मिळतो. प्रवाशांनी स्वतःची औषधे मूळ वेष्टनात, बिलासह आणि शक्यतो चिठ्ठीसह आणावीत, गोळ्या सुट्या करून एका डबीत भरू नयेत आणि विचारणा झाल्यास त्या न लपवता दाखवाव्यात. उरलेल्या गोळ्या कोणालाही वाटू नयेत, आणि औषध विक्रेत्यांनी अशा गोळ्या विक्रीस ठेवू नयेत. कोणत्याही औषधाने त्रास झाल्यास तत्काळ उपचार घेऊन १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

ज्या रुग्णाला लागणारे औषध भारतात खरोखरच मिळत नाही, त्याच्या कुटुंबाने आडवाट धरण्याचे कारण नाही. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण, २०२१ मधील आजारांवरील औषधे वैयक्तिक वापरासाठी मागवल्यास १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्कातून सूट आहे आणि त्यासाठीचे प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात. म्हणजे या कामासाठी दर वेळी मुंबई-दिल्ली गाठण्याची गरज नाही. औषध पाठवणाऱ्यांनी आधी परवाना पाहावा, मागवणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि ज्यांना हा नियम समजला आहे त्यांनी अर्ज भरता न येणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना त्यासाठी मदत करावी, असे आवाहन समस्त भंडारा जिल्हावासीयांना करण्यात येत आहे.